चावा, हट्ट आणि गोळ्या: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), डाउन सिंड्रोम अशा विकासात्मक अक्षमता असलेल्या माणसांच्या घरच्यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी पाठवलेली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. जागेसाठी ती थोडी छोटी केली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. मी विशेष शिक्षिका आहे. माझं बहुतेक काम शाळा संपलेल्या वयाच्या प्रौढांबरोबर झालं आहे, त्यामुळे उत्तरांचा कल थोडा तिकडे जाईल.

प्रश्न: ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, मोजकेच शब्द बोलतो. पूर्वी चिडला की ओरडायचा, एवढंच. गेल्या काही महिन्यांपासून मनगटाला चावे घेतो आणि उजव्या कानशिलावर मारून घेतो. मनगटावर घट्टे पडलेत. नातेवाईक म्हणतात, लक्ष देऊ नका, आपोआप जाईल. मला ते जमत नाही. हात धरून ठेवले तर मलाच चावतो. मी अगदी थकून गेले आहे. काय करू?

उत्तर: नातेवाइकांचं ऐकलं नाहीत ते बरं केलंत. अंगाला इजा होत असताना नुसतं दुर्लक्ष करत बसायचं नसतं.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी थांबले. एक, हे गेल्या काही महिन्यांतलं आहे. दुसरी, तो उजव्याच बाजूला मारतो. जे आधी कधी नव्हतं ते अचानक सुरू झालं आणि एकाच बाजूला होतंय, तर माझा पहिला संशय दुखण्यावर जातो. या वयात अक्कलदाढ येते. कानात मळ घट्ट बसतो, संसर्ग होतो. किडलेली दाढ आतल्या आत ठणकत राहते. ज्याला 'इथे दुखतंय' म्हणता येत नाही, तो त्या जागी मारतो किंवा दुसरीकडे चावतो. म्हणून आधी दातांचे डॉक्टर आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर. नेहमीच्या डॉक्टरांना बद्धकोष्ठ, आम्लपित्त, डोकेदुखी आणि झोप यांबद्दल विचारा. कधी तो क्षणभर हरवल्यासारखा होतो का, हेही आठवून सांगा, कारण स्वमग्न व्यक्तींमध्ये फेफरं किशोरवयातही पहिल्यांदा दिसू शकतं.

'स्वमग्न आहे, म्हणजे हे असं चालायचंच,' असं तपासणीआधीच ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. ही अडचण जुनी आहे. १९८२ साली स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना मानसिक त्रासाचं एकच वर्णन वाचायला दिलं होतं. त्या व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे असं लिहिलं की तोच त्रास त्यांना कमी महत्त्वाचा वाटत होता. शरीराच्या दुखण्याबाबतही हे होताना मी पाहते. तेव्हा डॉक्टरांपुढे गेल्यावर स्वमग्नतेपासून सुरुवात करू नका. 'सहा महिन्यांपूर्वी हे नव्हतं, आता आहे, आणि उजव्याच बाजूला आहे,' इथून सुरुवात करा. घरी काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा.

दुखणं निघालं आणि उपचारांनी चावणं थांबलं, तर पुढचं सगळं तुम्हाला लागणारही नाही. नाही थांबलं, तर एक वही करा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर भोवतालच्यांनी काय केलं. 'चिडला', 'मूड नव्हता', 'मुद्दाम केलं' असले शब्द त्यात नकोत. कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहा. 'मिक्सर सुरू झाला. दहा सेकंदांत उजवं मनगट चावलं. मी मिक्सर बंद केला.' किंवा 'आंघोळीला चल म्हटलं. चावलं. मी म्हटलं बरं, नंतर कर.' पहिल्या दोन आठवड्यांत काहीही बदलायचा प्रयत्न करू नका, फक्त पाहा आणि लिहा. (दुखापत मोठी होत असेल तर अर्थातच थांबू नका.) अजून एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात: तो दिवसात कधी अजिबात चावत नाही, तेव्हा कुठे असतो, कुणाबरोबर असतो, हेही लिहा. मला कित्येकदा उत्तर त्याच पानावर सापडतं.

वहीत काय शोधायचं? त्या चावण्यातून त्याला काय मिळतं. बहुतेक वेळा चारपैकी एक गोष्ट असते. नकोशी गोष्ट टळते, कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी असलेली वस्तू मिळते, किंवा त्या संवेदनेचीच त्याला गरज असते. कधी दोन-तीन एकत्र असतात. १९८२ साली ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ जणांना १५-१५ मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून निरीक्षण केलं. एका परिस्थितीत अवघड काम दिलं जाई आणि इजा केली की ते थांबवलं जाई, दुसरीत इजा केली की कुणीतरी काळजीने बोले, तिसरीत व्यक्ती एकटी असे, चौथीत खेळायला साधनं आणि सोबत असे. ९ पैकी ६ जणांमध्ये इजेचं प्रमाण ठरावीक परिस्थितीतच जास्त होतं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती. (हा प्रयोग घरी करायचा नाही, तो प्रशिक्षित लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीत करायचा असतो.) वरून एकसारखं दिसणारं मारून घेणं एकाला कामातून सोडवतं आणि दुसऱ्याला माणूस मिळवून देतं. 'लक्ष देऊ नका' हा सल्ला म्हणूनच सगळ्यांना देण्याजोगा नाही. काम टाळण्यासाठी चावणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्या गडबडीत काम राहून गेलं, तर चावल्याने काम टळतं हेच आपण त्याला पक्कं शिकवतो.

समजा वही सांगते आहे की तो बहुतेक वेळा आंघोळ, कपडे बदलणं, गोंगाट अशा गोष्टींतून सुटण्यासाठी चावतो. मग त्याला सुटकेचा दुसरा मार्ग द्यायचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली चार मुलांवर केलेलं काम आमच्या क्षेत्रात पायाभूत मानलं जातं. ज्या मुलाचा त्रागा काम अवघड होतं म्हणून होता, त्याला मदत मागायला शिकवलं. ज्याला मोठ्यांचं लक्ष हवं होतं, त्याला 'मी नीट करतोय का?' असं विचारायला शिकवलं. त्रागा एकदम उतरला. पण त्याच मुलाला त्याच्या कारणाशी संबंध नसलेलं वाक्य शिकवलं तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे संवाद शिकवणं पुरेसं नाही, जी गोष्ट तो चावून मागतोय नेमकी तीच मागायला शिकवायला हवी.

तुमच्या मुलासाठी ते एक कार्ड असू शकेल, 'थांबा' असं चित्र असलेलं, किंवा तळहात पुढे करण्याची खूण. सुरुवातीला तुम्ही मागे उभं राहून त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्या, तो चावायच्या आधी. कार्ड दिलं की त्याच क्षणी थांबा, प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने. इथे माणसं कचरतात. 'असं केलं तर तो आंघोळच करणार नाही' म्हणतात. पहिले काही दिवस आंघोळ थोडी लांबेल, लांबू द्या. कार्ड चावण्यापेक्षा सोपं आणि जास्त भरवशाचं ठरलं तरच तो चावणं सोडेल. कार्ड पक्कं झालं की 'दोन तांबे, मग थांबू' असं हळूहळू वाढवता येतं. आणि चावण्याने सुटका मिळणं बंद झालं की मध्ये काही दिवस चावणं वाढू शकतं. ते अपेक्षित आहे. तेव्हा घाबरून जुन्याकडे परत गेलात तर तो अधिक जोराने चावायला शिकेल. म्हणून हा टप्पा एकटीने काढू नका, एखाद्या विशेष शिक्षकाची किंवा मानसशास्त्रज्ञाची साथ घ्या.

त्याच्याबरोबरच आंघोळही बदला. पाणी फार गरम आहे का? डोक्यावर अचानक ओतलं जातं का? नळाचा आवाज? १९ वर्षांच्या मुलाला आईने आंघोळ घालणं त्याला आता नको वाटत असेल का? योजना लिहायची तर तिचं पहिलं पान भोवतालच्या माणसांनी काय बदलायचं याचं असावं, असं माझं ठाम मत आहे.

हात धरू नका. धरलं की झटापट होते आणि दोघांनाही लागतं. मारत असेल तर हात आणि डोकं यांच्यामध्ये उशी किंवा जाड घडी केलेला टॉवेल ठेवा, आवाज बंद करा, बोलणं कमी करा, एक पाऊल मागे व्हा. त्या क्षणी शिकवायचं काही नसतं.

आणि तुमच्या थकण्याबद्दल. रात्री दुसऱ्या कुणाला तरी पाळी घ्यायला सांगा. कार्ड आणि वही घरातल्या निदान दोन माणसांनी चालवली पाहिजे, एकट्या आईवर टाकलेली योजना टिकत नाही.

प्रश्न: माझ्या वर्गातला ८ वर्षांचा स्वमग्न मुलगा आनंद झाला की दोन्ही हात फडफडवतो. वर्गशिक्षिका म्हणून मी ते थांबवायला हवं का? पालकांचाही आग्रह आहे.

उत्तर: नाही. कुणाला लागत नाही, त्याचं शिकणं अडत नाही, मग थांबवायचं कशासाठी? अनेक स्वमग्न प्रौढांनी मोठं झाल्यावर लिहून ठेवलं आहे की लहानपणी त्यांचे हात गप्प बसवण्यात आले आणि त्याचा त्यांना किती त्रास झाला. वर्तनाला आधार देण्याच्या नावाखाली मुलाला इतरांसारखं दिसायला लावलं जातं, ही त्यांची टीका मला पटते. इतर मुलांना दोन वाक्यांत सांगा की त्याला आनंद झाला की तो हात असे हलवतो. मुलं ते पटकन स्वीकारतात. पालकांना वेळ लागेल, त्यांच्याशी घाई न करता बोला.

प्रश्न: मी प्रौढांच्या कार्यशाळेत निदेशक आहे. आमच्याकडे ३४ वर्षांच्या एक बाई आहेत, त्यांना डाउन सिंड्रोम आहे. दुपारच्या जेवणानंतर त्या जमिनीवर बसतात आणि उठतच नाहीत. दोघांनी धरून उठवावं लागतं. टोकन पद्धत लावली, काम केलं की टोकन आणि पाच टोकनांना संध्याकाळी बहिणीला फोन. आठवडाभर चाललं, मग पुन्हा तेच. सहकारी म्हणतात, हट्टी आहेत.

उत्तर: सर्वांत आधी: धरून उठवणं आजपासून बंद करा. डाउन सिंड्रोममध्ये सांधे सैल असतात आणि काही जणांमध्ये मानेचे पहिले दोन मणके नीट स्थिर नसतात. ओढाओढीत मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो.

मग घरच्यांशी बोलून रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट ठरवा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचं काम मंदावणं खूप आढळतं, आणि त्याने माणूस सुस्त, जड, 'आळशी' दिसू लागतो. झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही खूप आढळतो. रात्री झोप मोडली की दुपारी जेवणानंतर डोळे मिटणारच. त्या घोरतात का, रात्री बसून झोपतात का, विचारा. ऐकू कमी येणं आणि मोतीबिंदू या वयातही होऊ शकतात. गुडघे, पाय दुखतात का तेही पाहायला सांगा.

यातून काही निघालं नाही तर कामाकडे वळा. जेवणानंतर त्यांना कोणतं काम असतं, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं. सकाळी त्या बसत नाहीत, म्हणजे सकाळच्या आणि दुपारच्या कामात काहीतरी फरक आहे. काम कंटाळवाणं आहे, अवघड आहे, शेजारी न पटणारं कुणी बसतं, खोली तापते? दोन कामं समोर ठेवून 'आधी कोणतं?' एवढं विचारून पाहा. कामं तीच राहिली आणि क्रम किंवा साहित्य निवडायला मिळालं तरी अडवणूक कमी होते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

उठायला सांगण्याची पद्धतही पाहा. मी अनेक ठिकाणी पाहते: एक जण म्हणतो 'उठा', तीन सेकंदांत दुसरा म्हणतो 'चला चला', तिसरा येऊन समजावतो. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेकांना ऐकलेलं समजून शरीर हलवायला जास्त वेळ लागतो, आणि मध्येच नवं वाक्य आलं की पहिलं पुसलं जातं. एकाच माणसाने, एकदाच, खाली वाकून, कामाची वस्तू दाखवून सांगायचं. मग शांतपणे थांबायचं. हे थांबणं तुम्हाला फार लांब वाटेल, तरी थांबा. जेवण संपायच्या पाच मिनिटं आधी पुढे काय आहे ते चित्रात दाखवलं तर आणखी सोपं जाईल.

टोकनबद्दल माझं मत कडक आहे. बहिणीशी बोलणं ही त्यांची कमाई नाही, तो त्यांचा हक्क आहे. जेवण, विश्रांती, घरच्यांशी बोलणं, बाहेर मोकळ्या हवेत जाणं, या गोष्टी चांगल्या वागण्याच्या बदल्यात देण्याच्या नसतात. बक्षीस द्यायचंच तर वरचं काहीतरी द्या, त्यांच्या आवडीचं, आणि एकदा मिळालेलं टोकन काहीही झालं तरी परत घेऊ नका. पण मला वाटतं, दुपारचं काम बदललं तर टोकनची गरजच उरणार नाही. फोन उद्यापासून रोज लावून द्या.

'हट्टी' या निष्कर्षावर मी उत्तर देत नाही. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो मला कधी उपयोगी पडलेला नाही.

प्रश्न: बाई, माझा नातू ९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. बोलतो, पण हट्ट झाला की वस्तू फेकतो. सूनबाईने कुठेतरी शिकून आल्यापासून घरात शिक्षेला बंदी केली आहे. 'पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट' म्हणते. एखादा धपाटा आम्ही सगळ्यांनी खाल्ला, बिघडलो नाही. शिस्त नको का?

उत्तर: आजोबा, शिस्त हवीच, आणि तुमच्या सूनबाई जे करत आहेत त्यात ती आहे. 'पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट' म्हणजे शिक्षा न करता वागण्यामागचं कारण शोधायचं आणि त्याऐवजी काय करायचं ते शिकवायचं. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून थोडा इतिहास सांगते.

विसाव्या शतकाच्या साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत, विशेषतः मोठ्या निवासी संस्थांमध्ये, अशा व्यक्तींचं वर्तन बदलण्यासाठी विजेचे झटके देणं, तोंडावर पाण्याचा फवारा मारणं, नाकाखाली अमोनिया धरणं हे 'उपचार' म्हणून चालत होतं. त्याचं समर्थन करणारेही होते, कारण त्या क्षणी वर्तन थांबायचं. पण त्यातून माणसाला दुसरं काही करता येऊ लागत नव्हतं, आणि एका माणसाने दुसऱ्या माणसाला असं वागवावं का, हा प्रश्न उरतच होता. पालक, कार्यकर्ते आणि संशोधक त्याविरुद्ध बोलू लागले. १९९० साली रॉबर्ट हॉर्नर, ग्लेन डनलॅप, एडवर्ड कार आणि इतरांनी एका लेखात वेदना न देणाऱ्या पद्धतींची मांडणी केली आणि तिथून या विचाराला आजचं रूप आलं. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात १९९७ साली तो आला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात क्रूर आणि अपमानकारक वागणुकीपासून संरक्षण हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुमच्या सूनबाईंनी शिकून आणलेलं हे काही चार दिवसांचं फॅड नाही.

धपाट्याने तुमच्या नातवाला 'फेकू नको' एवढं कळतं. फेकायचं नाही तर काय करायचं, ते कळत नाही. इतर मुलं ते बघून, ऐकून उचलतात. त्याला ते पायरी-पायरीने शिकवावं लागतं. आणि मोठा माणूस चिडला की मारतो, हेही तो शिकतो. तो लवकरच १९ वर्षांचा होईल, तुमच्याहून उंच होईल. तेव्हा त्याच्या हातात काय असावं, याचा आज विचार करायचा आहे.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगते, कारण या कामासाठी आजोबांकडे आईवडिलांपेक्षा जास्त वेळ असतो. तो वस्तू फेकतो त्याच्या आधी काय होतं ते तुम्ही पाहा. बहुधा आवडीचं काहीतरी अचानक बंद होत असणार. मग ते अचानक बंद होऊ देऊ नका. 'हे गाणं संपलं की टीव्ही बंद' असं आधी सांगा, आणि गाणं संपल्यावर खरोखरच बंद करा. दररोज सारखंच. 'आधी दप्तर, मग झोपाळा' असं छोटं वाक्य ठरवा आणि झोपाळा कधी चुकवू नका, नाहीतर त्या वाक्यावरचा त्याचा विश्वास जाईल. काय करू नको ते सांगण्याऐवजी काय कर ते सांगा: 'फेकू नको' ऐवजी 'माझ्या हातात दे'. त्याने दिलं तर लगेच, नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते बोला. फेकलं तर? वस्तू उचलून बाजूला ठेवा, लागण्यासारख्या वस्तू काही दिवस हातापासून दूर ठेवा, आवाज न चढवता पुन्हा तेच वाक्य. शांत झाल्यावर त्याला बरोबर घेऊन पसारा आवरा. त्यात अपमान नको, लेक्चर नको.

नियम थोडे असावेत, सगळ्यांना सारखे असावेत आणि रोज पाळले जावेत. आजोबांनी एक आणि सूनबाईंनी दुसरं सांगितलं तर सगळ्यात जास्त हाल नातवाचे होतील. हे त्याच्यासमोर न वाद घालता तुम्ही दोघं बसून ठरवा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. मारहाण करतो म्हणून चार वर्षांपूर्वी रिस्पेरिडोन सुरू केलं. आता वजन खूप वाढलंय, दिवसभर येरझाऱ्या घालतो, मारणं कमी झालंय असं मला वाटत नाही. गेल्या महिन्यात डोस वाढवला. मी गोळ्या बंद करू का?

उत्तर: स्वतःहून बंद करू नका, एकदमही बंद करू नका. औषध कमी करायचं ते डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. पण हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो लवकर विचारा.

येरझाऱ्यांनी मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. रिस्पेरिडोन ज्या गटातलं आहे, त्या अँटिसायकोटिक (तीव्र मानसिक आजारांवरच्या) औषधांनी काही जणांना आतून इतकी बेचैनी येते की एका जागी बसवत नाही. तिला अकथिसिया म्हणतात. बोलून सांगता न येणाऱ्या माणसात ती बाहेरून 'वर्तन बिघडलं' अशी दिसते, मग डोस वाढतो, आणि बेचैनी आणखी वाढते. येरझाऱ्या कधी सुरू झाल्या? औषध सुरू झाल्यावर की डोस वाढल्यावर? तारखा काढून एका कागदावर लिहा आणि मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा. 'हा अकथिसिया असू शकतो का?' असं थेट विचारा.

औषधाला जागाच नाही असं मी म्हणत नाही. मानसिक आजार असेल तर ते लागतंच, आणि स्वमग्न मुलांमधल्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली आहे. पण मानसिक आजार नसताना केवळ आक्रमकतेसाठी ते वर्षानुवर्षं चालू ठेवण्याला आधार कमकुवत आहे. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'द लॅन्सेट'मध्ये ८६ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना बौद्धिक अक्षमता होती, सगळे आक्रमक होते, पण कुणाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, नव्हता. काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना रिस्पेरिडोन, काहींना औषध नसलेली गोळी दिली. चार आठवड्यांनंतर तिन्ही गटांत आक्रमकता उतरली होती, आणि सर्वांत जास्त उतरली ती औषध नसलेल्या गोळीच्या गटात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५ साली मार्गदर्शन दिलं की अशा वर्तनासाठी ही औषधं द्यायची झाली तर इतर मदतीच्या जोडीनेच द्यावीत, ३-४ आठवड्यांनी परिणाम तपासावा आणि ६ आठवड्यांत काही फरक दिसला नाही तर थांबवावीत. तुमच्या भावाला चार वर्षं झाली आहेत.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न न्या. नेमकं कोणतं वर्तन कमी व्हावं म्हणून औषध सुरू केलं होतं, आणि ते कमी झालं का, हे कोण मोजतंय? वजन, रक्तातली साखर, चरबी आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक शेवटचं कधी तपासलं? जीभ किंवा ओठ आपोआप हलतात का ते पाहिलं आहे का? डोस कमी करून पाहता येईल का, आणि कमी करताना मारणं वाढलं तर कुणाला फोन करायचा? मारण्याची वही, पहिल्या पत्रात सांगितली तशी, भेटीच्या आधी दोन आठवडे ठेवा. 'मला वाटत नाही' यापेक्षा वही डॉक्टरांना जास्त सांगेल, आणि ती नसेल तर औषध कमी केल्यानंतर काय बदललं हेही कुणाला कळणार नाही.

भावाला मारण्यामागे काय हवं असतं, हा शोध चार वर्षांत कुणी घेतला का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. औषध कमी होत असतानाच तो घ्यायला हवा. भोवती काहीच न बदलता गोळ्या कमी झाल्या आणि एखादा वाईट दिवस आला, तर सगळे पुन्हा डोसकडेच धावतील.

आणि त्या भेटीला भावाला दाराबाहेर बसवू नका. त्याला आत न्या. वजन, झोप, बेचैनी, तोंड कोरडं पडणं याची साधी चित्रं करून 'हे तुला होतं का?' असं घरी आधी विचारून ठेवा. होकार-नकार तो कसा देतो ते तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना नाही. तुम्ही त्याचं उत्तर त्यांना दाखवा, पण त्याच्या वतीने देऊ नका. गोळ्या तो घेतो, तेव्हा त्या त्याला कशा लागतात हे त्याच्याकडूनच कळलं पाहिजे.